बचत गटात सगळ्यांचे हात मनापासून लागावेत यासाठी

पापड, मसाले किंवा दिवाळीचा फराळ करणाऱ्या बचत गटाच्या अध्यक्षांना आणि सचिवांना दुसऱ्या वर्षी एक प्रश्न हमखास पडतो: पहिल्या हंगामात सकाळी सातच्या आत पोळपाट मांडून बसणाऱ्या बायका आता का येईनाशा झाल्या? उत्तर म्हणून बहुधा 'आळस' हा शब्द पुढे येतो आणि तो मला मुळीच मान्य नाही. घरचे पाणी, स्वयंपाक, गुरांचे शेण आणि मुलांची शाळा उरकून जी बाई कामावर येते, तिला आळशी ठरवण्याआधी आपण कामाची जी घडी बसवली आहे तीत काय चुकते आहे, हे तपासणे चालवणाऱ्यांचे कर्तव्य आहे. पुढील सूचना उडदाच्या पापडांचे काम डोळ्यांपुढे ठेवून लिहिल्या आहेत, कारण तेच काम मी जवळून केले आहे.

प्रथम प्रत्येकीच्या घरी जाऊन बोलावे. बैठकीत सर्वांसमोर विचारले तर 'काही अडचण नाही' एवढेच ऐकायला मिळते, तर चुलीपाशी बसून विचारले की खरे कारण बाहेर येते. आमच्या गटात बाराजणींपैकी पाचजणी चैत्रातच गळाल्या, तेव्हा आम्ही असे फिरलो. दोघींच्या गल्लीत नळाला पाणी सकाळी आठला येत होते आणि आमचे काम नेमके त्याच वेळी सुरू होत होते. उरलेल्या तिघींचे म्हणणे एकच होते, की बाजार मंगळवारी असतो आणि पैसे महिनाअखेरीस मिळतात. कामाची वेळ आम्ही दुसऱ्याच दिवशी बदलली. पैशाचा प्रश्न मात्र इतका सोपा नव्हता, आणि माझ्या मते बहुतेक गटांची उमेद इथेच खचते.

मजुरी ठरलेल्या दिवशी हातात पडलीच पाहिजे. त्यासाठी व्यापाऱ्याकडून येणाऱ्या पैशांवर विसंबून न राहता हंगाम सुरू होण्यापूर्वीच मजुरीपुरती रक्कम बाजूला काढून ठेवावी. समजा दहाजणी रोज प्रत्येकी ३ किलो पापड लाटतात आणि किलोमागे लाटण्याची मजुरी ४० रुपये ठरली आहे, तर दिवसाचे १,२०० आणि सहा दिवसांच्या आठवड्याचे ७,२०० रुपये होतात. दुकानदार चार आठवड्यांनी पैसे देत असेल, तर २८,८०० रुपये हाताशी असल्याशिवाय त्या दुकानदाराची मोठी मागणी स्वीकारू नये. एवढी रक्कम नसेल तर मागणी निम्म्यावर आणावी किंवा आगाऊ रक्कम मागावी, पण लाटणाऱ्या बाईच्या उधारीवर धंदा चालवू नये. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मजुरी देण्याचा नियम केल्यावर आमच्या त्या तिघीही परत आल्या.

हे सूत्र आपल्याकडे कुणी आधीच सिद्ध केले नाही असे नाही. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. त्यातूनच श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. तिथे लाटणारी प्रत्येक बहीण संस्थेची भागीदार मानली जाते, भिजवलेले पीठ घरी नेऊन लाटलेले पापड जमा केले की तिला मजुरी मिळते, आणि नफ्यातोट्यात सगळ्या वाटेकरी असतात. आपल्या श्रमाचा मोबदला आपल्याला दिसावा, तो वेळेवर मिळावा आणि उरलेल्या नफ्यावरही आपला हक्क असावा, एवढ्या तीन गोष्टी जुळल्या की कष्ट करा असे कुणाला सांगावे लागत नाही.

दिसावा हा शब्द मी मुद्दाम वापरला. बचत गटाच्या पंचसूत्रीत, म्हणजे गटाने पाळायच्या पाच नियमांत, लेखे ठेवणे हे शेवटचे सूत्र आहे, पण लेखे कपाटात ठेवून भागत नाही. दर पंधरवड्याला डाळ, पापडखार, मिरी, तेल, पिशव्या आणि वाहतूक यांचा खर्च, विक्रीची रक्कम आणि शिल्लक मोठ्याने वाचून दाखवावी. वाचणारी व्यक्ती दर वेळी वेगळी असावी, कारण जिने स्वतः आकडा वाचला तिच्या मनात तो आकडा पक्का होतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासमोर नोटा मोजाव्यात. हिशेबाबद्दल एकदा शंका शिरली, की अध्यक्ष कितीही प्रामाणिक असल्या तरी हात सैल पडतात.

पैसा वेळेवर मिळू लागला की कुरकुर थांबते, परंतु तेवढ्याने उत्साह येत नाही. योगायोग असा, की त्याच १९५९ साली अमेरिकेतील फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते व हिशेबनीस यांच्या मुलाखतींवरून हाच भेद मांडला होता: पगार, देखरेख आणि कामाची परिस्थिती बिघडली की माणूस नाराज होतो, पण त्याला खरे समाधान मिळते ते काम चांगले साधल्याने, त्याची कदर झाल्याने आणि जबाबदारी मिळाल्याने.

कदर करताना नुसते 'छान' म्हणू नये. आमच्याकडे सर्वांत सुबक पापड एका साठीच्या आजींचे होत. लाटी तेलाच्या बोटाने दाबून त्या पोळपाट हळूहळू फिरवत आणि लाटणे मधून काठाकडे नेत, त्यामुळे पापड मध्यभागी पातळ आणि काठाला जाड असा कधी राहत नसे. नवीन सुनांनी पापड फाडला की त्या लाटणे हातातून न घेता फक्त त्यांचे मनगट धरून दाब कुठे कमी करायचा ते दाखवत. एका बैठकीत मी एवढेच म्हटले, की तुमच्या पापडाचा काठ आतल्या भागाइतकाच पातळ असतो म्हणून तो तळताना कच्चा राहत नाही. त्या दिवसापासून नवीन मुलींना शिकवण्याचे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतले. नेमके काय चांगले झाले हे सांगितल्याशिवाय कौतुक पोहोचत नाही.

त्याच भरात मी एक चूकही केली. आठवड्याला सर्वाधिक वजन लाटणारीला साडीचे बक्षीस जाहीर केले. पंधरा दिवसांत पापड जाडसर होऊ लागले, आणि त्याहून वाईट म्हणजे शिकवण्यासाठी थांबणारे हात थांबेनासे झाले, कारण प्रत्येक मिनिटाचे वजन मोजले जात होते. १९७१ साली एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, कोडी सोडवण्याबद्दल आधी पैसे दिलेले विद्यार्थी पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात त्या कोड्यांकडे कमी वळले होते. बक्षीस द्यायचेच असेल तर ते सगळ्या गटाला, हंगाम संपल्यावर आणि आधी न सांगता द्यावे. मात्र याचा आधार घेऊन कुणी मजुरी कमी करू नये. बायका 'आवडीने' लाटतात म्हणून त्यांना कमी पैसे चालतील, असे म्हणणारे लोक मी पाहिले आहेत, आणि तो अन्याय आहे.

लाटणारीला आपला पापड खाणारा माणूसही दिसला पाहिजे. देणगीसाठी दूरध्वनी करणाऱ्या कर्मचाऱ्यांची त्या देणगीतून शिकलेल्या विद्यार्थ्याशी थोडा वेळ भेट घडवली, तर महिन्याभराने त्यांनी जमवलेली रक्कम दुपटीहून अधिक झाली, असे अॅडम ग्रँट या मानसशास्त्रज्ञाला २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. आपल्याला त्यासाठी वेगळा खर्च करावा लागत नाही. जिल्ह्याच्या किंवा महालक्ष्मी सरस या बचत गटांच्या मालाच्या प्रदर्शनात दर वेळी त्याच दोघी पदाधिकाऱ्यांना न पाठवता पाळीपाळीने प्रत्येकीला पाठवावे, आणि परत आल्यावर गिऱ्हाईक काय म्हणाले हे तिलाच बैठकीत सांगू द्यावे.

वजनकाट्याची, किल्लीची आणि कच्च्या मालाच्या खरेदीची जबाबदारीही अशीच फिरती ठेवावी. ज्यांची कंबर धरते किंवा ज्या बाळंतपणातून नुकत्या उठल्या आहेत, त्यांना निवडणे, मोजणे आणि पाकिटे बंद करणे ही बैठी कामे द्यावीत आणि त्यांची मजुरी आधीच ठरवून ठेवावी, म्हणजे कुणाला उपकार घेतल्यासारखे वाटणार नाही.

पावसाळा लागला की पापड वाळत नाहीत आणि काम आपोआप थांबते. मृग लागण्याच्या आत शेवटची बैठक घेऊन नफ्याचे वाटप पूर्ण करावे, आणि त्याच बैठकीत पुढच्या वर्षी काय बदलायचे हे प्रत्येकीला विचारून नोंदवहीत तिच्याच शब्दांत लिहून ठेवावे. फाल्गुनात पहिली बैठक भरेल तेव्हा ते पान सर्वांत आधी वाचावे.