फोर्ट नेल्सन ते वॉटसन लेक: आरव्हीला किल्ली लावण्याआधी

कॅनडातल्या अलास्का हायवेवरचा हा टप्पा साधारण ५२० किलोमीटरचा. पुण्याहून गोव्याला जाण्याहून थोडासाच जास्त, म्हणून आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, जेवून निघू. तसं करू नका. सकाळी सातला आरव्ही, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, हलली पाहिजे, आणि त्यासाठी निम्मी तयारी आदल्या संध्याकाळी कॅम्पग्राउंडवरच उरकायला हवी.

सुरुवात टाक्यांपासून. रबरी हातमोजे घाला, पाइप नीट बसलाय ना ते एकदा ओढून बघा, आणि आधी संडासाची टाकी सोडा, मग बेसिन-बाथरूमची. म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुऊन निघतो. मी एकदा क्रम उलटा केला होता. त्याचं वर्णन जेवणाच्या वेळी कुणी वाचू नये म्हणून इथे देत नाही. वापरायचं पाणी निम्मी टाकी पुरे. पाण्याचा लिटरमागे एक किलो भार होतो आणि उद्या समिट लेकपाशी १,२९५ मीटरवर चढायचंय, या हायवेवरची सगळ्यात उंच जागा तीच. पिण्याच्या पाण्याचे कॅन मात्र वेगळे भरून घ्या.

पेट्रोलची टाकी फोर्ट नेल्सनमध्येच काठोकाठ भरा. मध्यम आकाराची आरव्ही लिटरला चार-पाच किलोमीटर देते, त्यातून चढ आणि समोरचा वारा. टोड रिव्हर, मंचो लेक अशा ठिकाणी पंप आहेत, पण भाव ऐकून घाम फुटतो आणि वेळांचा भरवसा नसतो. काटा अर्ध्यावर आला आणि पंप दिसला की भाव न विचारता भरायचं. भरताना गॅस सिलिंडरचा कॉक बंद.

मोबाइलला बराच वेळ रेंज नसते. नकाशे वायफायवर उतरवून घ्या, ड्राइव्हबीसी या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या वेबसाइटवर रस्त्याची स्थिती बघा, घरच्यांना मुक्कामाचं ठिकाण सांगून ठेवा. भाड्याची गाडी असेल तर पुढच्या काचेचा विमा आहे का, हे कागदावर वाचा. आमच्या काचेवर समोरच्या ट्रकने उडवलेला खडा बसला होता, तेव्हा हे कलम पहिल्यांदा वाचलं.

आता आतली आवराआवर. फडताळांच्या कड्या, फ्रिजची खिट्टी, ताटांच्या मध्ये टॉवेल. आमचा मिसळणाचा डबा एकदा ओट्यावरच राहिला. पहिल्या वळणाला तो गेला, झाकण एकीकडे, हळद दुसरीकडे. आजही त्या गालिच्याच्या कोपऱ्यात पिवळा डाग आहे. मग बाहेर उतरून गाडीभोवती एक फेरी मारा: विजेची केबल, पाण्याचा पाइप, चाकाखालचे ठोकळे, पायरी, छपराची खिडकी. ही फेरी एकट्याने, गप्पा न मारता मारायची.

जेवण आदल्या रात्रीच करून ठेवा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही. आरव्हीत फोडणी दिली की मोहरी तडतडायच्या आत धुराचा अलार्म कोकलतो. शिवाय हा अस्वलांचा मुलूख आहे. खरकटं, कचरा, कूलर यातलं काहीही बाहेर राहता कामा नये. अस्वलाचा स्प्रे बॅगेत तळाशी नको, कमरेला हवा, आणि त्याची पिन कशी काढायची हे आधी शिकून घ्या.

अंघोळीचे कपडे आणि टॉवेल हाताशी ठेवा. लियर्ड रिव्हरचे गरम पाण्याचे झरे वाटेतच आहेत, सुमारे ३१० किलोमीटरवर. पार्किंगपासून लाकडी पायवाटेने पाऊण किलोमीटरच्या आसपास चालायचं, पाणी ४२ ते ५२ अंश. कढत टोकाला उगाच धाडस नको. चांदीची जोडवी-पैंजण गाडीत काढून ठेवा, गंधकाने काळी पडतात. खायचं काही सोबत नेऊ नका. १९९७ साली इथे अस्वलाच्या हल्ल्यात दोघांचा जीव गेला होता. या थांब्याला दोन तास राखून ठेवा, सकाळी सातचा आग्रह याचसाठी.

झऱ्यांच्या पुढे रस्त्याकडेला रानगवे चरत असतात, म्हणजे तिकडचे बायसन. फोटोसाठी दार उघडून खाली उतरायचं नाही. रस्त्यात ठाण मांडून बसले तर इंजिन चालू ठेवून वाट बघायची. हॉर्न त्यांच्या गावीही नसतो. डास मात्र उतरल्याशिवायच आत येतात, मलम हाताशी असू द्या.

जूनमध्ये अंधार पडायची वाट बघत बसलात तर झोप होणार नाही. खिडक्यांना जाड काळे पडदे न्या.

आणि एक पाटी. १९४२ मध्ये हा हायवे बांधताना कार्ल लिंडले या सैनिकाने वॉटसन लेकला आपल्या डॅनव्हिल गावाची पाटी ठोकली. आज तिथे हजारो पाट्यांचं जंगल आहे. आपल्या गावाचं नाव देवनागरीत रंगवून न्या. भोकं घरीच पाडून घ्या, दोन स्क्रू आणि पेचकस सोबत ठेवा. मी खिळे नेले होते आणि हातोडी शोधत फिरलो.