बसवर, स्टँडवर कोणी रंगवून ठेवलंय? अशी करा कंप्लेंट

परवा एका स्टँडवर टाईमटेबलच्या बोर्डावर कोणीतरी मार्करने एवढं मोठं बदाम काढलेलं, बाणासकट, आणि नेमकी शेवटच्या गाडीची वेळ त्याच्याखाली गेलेली, आता म्हाताऱ्या माणसाने काय वाचायचं सांगा.

तर आधी दोन फोटो काढा, एक जवळून आणि एक लांबून, म्हणजे जागा कळते. कदंबची, म्हणजे गोव्याची सरकारी बस असेल तर गाडीचा नंबर, रूट आणि वेळ लिहून घ्या आणि स्टँडवरच्या कंट्रोलरकडे किंवा डेपोत लेखी अर्ज द्या, कॉपीवर शिक्का मागायला लाजू नका, तोंडी सांगितलेलं तिथल्या तिथे विरतं.

रेल्वेचं सोपं आहे, रेलमदद ॲप नाहीतर १३९ हा हेल्पलाइन नंबर. स्टेशनची तक्रार असेल तर स्टेशनच निवडा, ट्रेन निवडली तर पीएनआर मागत बसतं. फोटो टाका, रेफरन्स नंबर जपून ठेवा. मडगाव, थिवी कोकण रेल्वेकडे, वास्को दक्षिण पश्चिम रेल्वेकडे. बोर्डावरची किंवा डब्यावरची अक्षरं, आकडे पुसले-बदलले तर रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६६ खाली महिन्यापर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि हो, स्वतः थिनर घेऊन घासायला जाऊ नका, बदामाबरोबर टाईमटेबलपण जाईल.