शरदातली परसबाग: आवरण्याआधी पाहुणे ओळखा

शरद लागला की परसबागेत हात शिवशिवायला लागतात. भोपळ्याचा वेल पिवळा पडलेला असतो, टोमॅटोला शेवटची चार-दोन फळं लोंबत असतात, आणि कोबी, मुळा, पालक, वाटाणा यांना वाफे रिकामे हवे असतात. मग एखाद्या सुटीच्या दिवशी आपण विळा-खुरपं घेऊन सगळं मोकळं करून टाकतो. एवढी घाई करू नका. याच दिवसांत कितीतरी जीव आडोसा शोधत असतात, आणि अशा सफाईत कीड बहुधा वाचते, तिला खाणारे मात्र उघडे पडतात.

भुरी (पानांवर पांढरी पूड), करपा (पानांवर जळल्यासारखे डाग) किंवा विषाणूने आखडलेली झाडं मात्र ताबडतोब मुळासकट काढा आणि खताच्या ढिगात टाकू नका. घरगुती ढीग रोगाचे बीजाणू मरतील इतका तापतोच असं नाही. निरोगी झाडं जमिनीलगत कापा, मुळं मातीतच कुजू द्या. फुलझाडांचे जाड, पोकळ दांडे असतील तर ३० ते ४५ सेंटीमीटरचे खुंट ठेवा. एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्या त्यात घर करतात. बाग थोडी गबाळी दिसते, दिसू द्या.

आता कोबीकडे या. रोप लावल्यापासून दर दोन-तीन दिवसांनी पानं उलटून पाहा. पानावर पातळ पापुद्र्याच्या खिडक्या दिसल्या तर ती चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी. बोट लावलं की वळवळत मागे सरकते आणि धाग्याला लोंबकळते. घरच्या वाफ्यात ती हाताने वेचणंच सोपं. पांढऱ्या फुलपाखराची पिवळी अंडी पानाखाली उभी, टोकदार, ओळीत चिकटवल्यासारखी असतात. ती पुसून टाका. पण त्याच रंगाचा, कापसाळलेला, बारीक तांदळाच्या दाण्यांसारखा पुंजका एखाद्या मरगळलेल्या अळीला लगटून दिसला, तर हात मागे घ्या. ती अंडी नव्हेत. त्या अळीच्या पोटात वाढून बाहेर पडलेल्या परजीवी गांधीलमाश्यांचे ते कोष आहेत. मी दोन वर्षं असे पुंजके मोठ्या समाधानाने चिरडले आणि वर अळ्या वाढल्या म्हणून कुरकुरलो.

मावा म्हणजे कोवळ्या शेंड्यांचा रस शोषणारी बारीक कीड. तिच्या बाबतीतही हीच चूक होते. मावा पडलेल्या शेंड्यावर राखाडी-काळी, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीच्या पिल्लासारखी लांबट अळी फिरताना दिसते. दिसायला उग्र, पण ती लेडीबर्ड भुंगेऱ्याची अळी आहे आणि मोठी होईपर्यंत शेकडो मावा फस्त करते. फुगून तपकिरी झालेला, पाठीला गोल भोक पडलेला मावा दिसला तर तिथेही परजीवीचं काम झालं आहे असं समजा. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून पाहा. साबणाचं पाणी मारायचंच असेल तर फक्त मावा असलेल्या जागी, संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर मारा. ते शत्रू-मित्र ओळखत नाही.

गोगलगायी ओल्या रात्री कोवळी रोपं जमिनीलगत खातात. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन अर्धा तास वेचा. मीठ टाकू नका, वाफ्याची माती खराब होते. विषारी गोळ्याही शक्यतो नकोत, त्या कुत्र्यांनाही मारतात. त्यापेक्षा सावलीच्या कोपऱ्यात एखादं फुटकं मडकं आडवं ठेवा. भेकाला जागा आवडली तर तो तिथे मुक्काम ठोकतो आणि रात्रभर लहान गोगलगायी, किडे टिपतो. शेजारी उथळ थाळीत पाणी आणि दोन दगड ठेवा, म्हणजे मधमाश्यांनाही बसून पिता येईल. पाणी दर दोन दिवसांनी बदला, नाहीतर डास होतील.

पक्ष्यांशी वैर धरू नका, पण वाटाण्याचे दाणे आणि कोंब त्यांच्या पुढ्यात वाढूनही ठेवू नका. दाणे ४-५ सेंटीमीटर खोल पेरा आणि पहिले दोन आठवडे जाळी घाला. जाळीची भोकं ५ मिलिमीटरपेक्षा मोठी नसावीत, करंगळी आरपार जाता कामा नये. ती कमानींवर ताणून बसवा, कडा मातीत दाबा आणि रोज एक फेरी मारा. सैल नायलॉनच्या जाळीत पक्षी, सरडे, साप अडकतात आणि तडफडून मरतात. पिलं मोठी होईपर्यंत बरेचसे पक्षी त्यांना अळ्या भरवतात, हे दाणे गेल्याच्या रागात विसरायला होतं.

उंदीर येऊ नयेत म्हणून शिजवलेलं उष्टं खताच्या ढिगात टाकणं बंद करा आणि ढिगाखाली ६ मिलिमीटर भोकांची लोखंडी जाळी अंथरा. विष नको; विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला तर घुबडही दगावतं.

साप दिसला तर दोन-तीन मीटर मागे सरा, जाऊ द्या. घराकडे वळला तर सर्पमित्राला बोलवा. पालापाचोळा, विटा, कुंड्या हलवताना आधी काठीने उचकटा, मग हातमोजे घालून हात घाला. पाचोळा जाळू नका, रोपांभोवती ५ ते ७ सेंटीमीटरचा थर पसरा. खोडापासून मात्र चार बोटं जागा सोडा, कारण ओला पाला खोडाला टेकला की गोगलगायींना आयतं अंथरूण मिळतं.