अणुअभियांत्रिकी आणि किरणोत्सर्ग-आरोग्य : विद्यापीठाचा अभ्यासक्रम नव्याने बांधताना

अणुअभियांत्रिकीच्या वर्गात आयोडीन येते ते झेनॉनचे जनक म्हणून. विखंडनातून, म्हणजे अणुकेंद्र फुटण्यातून, निर्माण होणारे आयोडीन-१३५ सुमारे ६.६ तासांच्या अर्धायुष्याने झेनॉन-१३५ मध्ये बदलते. हे झेनॉन न्यूट्रॉन अधाशासारखे गिळते, आणि म्हणून शक्ती खाली आणलेली अणुभट्टी काही तासांनी पुन्हा वर नेणे अवघड होऊन बसते. किरणोत्सर्ग-आरोग्याच्या वर्गातही आयोडीन येतेच, पण तिथे ते आठ दिवसांच्या अर्धायुष्याचे आयोडीन-१३१ असते आणि त्याची गाठ थायरॉइडशी पडते. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिल येथे या दोन्ही गोष्टी एकाच घटनेत समोर आल्या. झेनॉनने दाबलेली शक्ती वाढवण्यासाठी न्यूट्रॉन शोषून अभिक्रियेला आवर घालणारे नियंत्रक दांडे प्रमाणाबाहेर वर ओढले गेले. स्फोटानंतर बाहेर पडलेले आयोडीन गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या थायरॉइडमध्ये पोहोचले. तरीही अनेक विद्यापीठांत पदवी घेणारा विद्यार्थी या कथेचा एकच अर्धा भाग शिकून बाहेर पडतो.

अभ्यासक्रमाची पुनर्रचना हाती घेणाऱ्या समितीने माझ्या मते याच तुटलेल्या जागेपासून सुरुवात करावी. नवे विषय जोडणे सोपे असते. उगमापासून देहापर्यंतचा धागा अखंड करणे हे खरे काम आहे, आणि पुढील सर्व सूचना त्या एका कामासाठी आहेत.

आधी निर्णयांची यादी करा

जुन्या अभ्यासक्रमाच्या प्रती पसरून त्यांत दुरुस्त्या करायला बसू नका. पहिल्या बैठकीपूर्वी अणुवीज केंद्रात, रुग्णालयाच्या अणुवैद्यक व किरणोपचार विभागांत, नियामक संस्थेत आणि कचरा व्यवस्थापनात काम करणाऱ्या, पदवी घेऊन तीन ते पाच वर्षे झालेल्या माजी विद्यार्थ्यांना भेटा. त्यांना ‘काय शिकवायला हवे?’ असे विचारू नये. त्या प्रश्नावर प्रत्येक जण आपल्या आवडीच्या विषयाची भर सुचवतो आणि यादी फुगत जाते. त्याऐवजी असे विचारावे : ‘पहिल्या वर्षात असा कोणता निर्णय घ्यावा लागला, ज्यासाठी तुमची तयारी नव्हती?’ उत्तरे फार वेगळी येतात. सर्वेक्षण-मापकावरचा आकडा विश्वासार्ह आहे की मापकच कोलमडला आहे, हे ठरवता आले नाही. गर्भवती कर्मचाऱ्याने आपली स्थिती कळवल्यावर तिच्या कामात काय बदल करायचे, हे माहीत नव्हते. संगणकीय आज्ञावलीने दिलेल्या उत्तराची अनिश्चितता सांगता आली नाही. अशी पंचवीस-तीस वाक्ये जमली की समितीला काम करायला पुरेसा आधार मिळतो.

साखळीचा नकाशा

यानंतर एका मोठ्या कागदावर चार स्तंभ आखावेत : उगम, वाट, देह आणि निर्णय. किरणोत्सर्ग कुठून निर्माण होतो, तो किंवा किरणोत्सारी द्रव्य कोणत्या मार्गाने सरकते, देहात त्याने काय घडते, आणि या सर्वांच्या आधारे कोणी काय ठरवायचे. सध्याच्या प्रत्येक विषयातील प्रत्येक प्रकरण यांपैकी एका स्तंभात लिहावे. या कामाला दोन पूर्ण दिवस लागले तरी द्यावेत, आणि दोन्ही विभागांचे शिक्षक त्या वेळी एकाच खोलीत असावेत. ईमेलवरून हे होत नाही.

कागद भरू लागला की दोन गोष्टी लगेच दिसतात. ऱ्हासाचा घातांकी नियम तीन वेगवेगळ्या विषयांत, तीन वेगवेगळ्या चिन्हांनी, पहिल्यापासून शिकवला जातो. आणि ‘वाट’ हा स्तंभ बराचसा रिकामा राहतो. अभियांत्रिकीचा विद्यार्थी इंधनातील विखंडन-उत्पादनांचा साठा काढतो आणि तिथेच थांबतो. आरोग्याचा विद्यार्थी शरीरात आलेल्या बेक्वेरेलपासून, म्हणजे किरणोत्साराच्या मोजमापापासून, सुरुवात करतो. आवरणातून गळती, वाऱ्यातील प्रसरण, जमिनीवर बसणे, अन्नसाखळी, श्वास हा मधला सारा प्रवास कोणाच्याच वाट्याला आलेला नसतो. पुनरावृत्तीतून वाचलेल्या तासिका आधी इथे द्याव्यात.

राशींचा घोळ मिटवा

या मुद्द्यावर मी अधिक वेळ देणार आहे, कारण पदवीधरांच्या चुकांचे मूळ मला बहुतेक वेळा इथेच सापडले आहे. एका परीक्षेत मी विचारले होते की किरणोत्सारी आयोडीनच्या उपचारात रुग्णाच्या थायरॉइडला ६० ग्रे (शोषलेल्या ऊर्जेचे एकक) मात्रा मिळाली, तर डॉक्टरांना तुम्ही काय सांगाल. वर्गातील एका हुशार विद्यार्थिनीने ऊतीभारांक, म्हणजे अवयवाच्या संवेदनशीलतेचा गुणक, ०.०४ घेतला, गुणाकार केला, २.४ सिव्हर्ट असे उत्तर काढले आणि त्याखाली त्या रुग्णाला कर्करोग होण्याची संभाव्यता टक्केवारीत लिहिली. गणित निर्दोष होते, उत्तराला मात्र अर्थ नव्हता. अशा गुणाकारातून मिळणारी परिणामी मात्रा ही संरक्षणाच्या नियोजनासाठी, सर्व वयांच्या व दोन्ही लिंगांच्या सरासरीवर बेतलेली राशी आहे. एका विशिष्ट व्यक्तीच्या, त्यातही एकाच अवयवाला मुद्दाम दिलेल्या उपचारमात्रेच्या धोक्याचे ते माप नाही. दोष तिचा नव्हता. आम्ही तिला सूत्र शिकवले होते, सूत्राची हद्द शिकवली नव्हती.

म्हणून पहिल्याच सत्रात सर्व विषयांना बांधील असा एक सामाईक राशी-तक्ता तयार करावा. शोषित मात्रा म्हणजे दर किलोग्रॅममागे शोषली गेलेली, प्रत्यक्ष मोजता येणारी ऊर्जा, समतुल्य मात्रा म्हणजे किरणाच्या प्रकारानुसार दिलेला भार, आणि परिणामी मात्रा म्हणजे अवयवांच्या संवेदनशीलतेनुसार घेतलेली बेरीज. प्रत्येकीसमोर ‘ही कशासाठी वापरू नये’ असा रकाना ठेवावा, आणि तो रकाना परीक्षेत विचारावा. क्युरी, रॅड, रेम ही जुनी एकके वाचता यावीत इतपतच ठेवावीत, कारण जुनी मापके आणि जुने अहवाल अजून हाताशी येतात. उत्तरे मात्र बेक्वेरेल, ग्रे आणि सिव्हर्टमध्येच मागावीत.

याच वेळी शिक्षकांच्या टिपणांतील आकडे तपासून घ्यावेत. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने २००७ च्या शिफारशींत जननग्रंथींचा भारांक ०.२० वरून ०.०८ वर आणला आणि स्तनांचा ०.०५ वरून ०.१२ केला. २०११ मध्ये नेत्रभिंगासाठी कर्मचाऱ्यांची वार्षिक मर्यादा १५० मिलिसिव्हर्टवरून पाच वर्षांच्या सरासरीने २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ५० पेक्षा अधिक नाही, अशी सुचवण्यात आली. क्ष-किरणांच्या साहाय्याने हृदयाच्या धमन्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांसाठी या बदलाचा अर्थ फार प्रत्यक्ष आहे. मोतीबिंदूची शक्यता पूर्वी मानली जाई त्याहून बरीच कमी मात्रेला सुरू होते. वर्षानुवर्षे त्याच टिपणांवर शिकवणाऱ्या वर्गात जुना आकडा आजही फळ्यावर दिसतो. शैक्षणिक वर्षाच्या आरंभी हे आकडे तपासण्याची जबाबदारी एका व्यक्तीकडे नावानिशी सोपवावी.

काय काढायचे

कोणतेही प्रकरण जोडताना त्याइतक्याच तासिकांचे दुसरे प्रकरण काढले पाहिजे, हा नियम पहिल्या बैठकीतच लेखी मंजूर करून घ्यावा. नंतर तो मान्य होत नाही. लहान आकाराच्या अणुभट्ट्या, नवे इंधनप्रकार, लुटेशियम-१७७ सारखी उपचारात्मक समस्थानिके, यांना जागा हवीच आहे, आणि ती एखाद्या दुसऱ्या प्रकरणाच्या जागेतूनच निघेल.

काही प्रकरणांना मात्र हात लावू नये. विलंबित न्यूट्रॉन हे त्यांतले पहिले. युरेनियम-२३५ च्या विखंडनातील न्यूट्रॉनांपैकी जेमतेम ०.६५ टक्के न्यूट्रॉन उशिरा येतात, आणि तेवढ्यामुळेच अणुभट्टी माणसाच्या व यंत्राच्या नियंत्रणात राहू शकते. हे ज्याला हाडीमाशी कळलेले नाही त्याने नियंत्रण कक्षात पाऊल ठेवू नये. दुसरे म्हणजे ऱ्हासउष्णता, म्हणजे विखंडन-उत्पादनांच्या ऱ्हासातून निघत राहणारी उष्णता. साखळी अभिक्रिया थांबल्याच्या क्षणी पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता निघत असते, आणि तासाभरानंतरही ती एक टक्क्याच्या वर असते. जपानमधील फुकुशिमात २०११ मध्ये अणुभट्ट्या भूकंपानंतर आपोआप बंद झाल्या होत्या. त्यांना हरवले ते त्सुनामीने वीजपुरवठा गेल्यावर न निघालेल्या या उष्णतेने.

संगणकीय सिम्युलेशनला अधिक वेळ द्यावा, परंतु प्रत्येक सिम्युलेशनआधी हाताने केलेला ढोबळ अंदाज सक्तीचा ठेवावा. मोंटे कार्लो पद्धतीचे, म्हणजे यादृच्छिक आकड्यांनी केलेल्या गणनेचे, उत्तर पाच दशांश स्थळांपर्यंत छापून येते, आणि भूमितीत शिशाची भिंत एक सेंटिमीटर सरकलेली असली तरी ते तितक्याच रुबाबात छापून येते.

प्रयोगशाळा

खर्चाचे कारण देऊन पहिली कात्री इथे लागते, आणि समितीने इथे ठाम उभे राहावे. पडद्यावरची आभासी प्रयोगशाळा पूर्वतयारीला चांगली आहे, पण मोजणीतील चढउतार स्वतःच्या हाताने अनुभवावा लागतो. दहा सेकंदांत १०० गणना आल्या तर प्रमाण विचलन १०, म्हणजे दहा टक्के. १०,००० गणना झाल्या तर एक टक्का. विद्यार्थी हे सूत्र पाठ म्हणतात, आणि तरीही पार्श्वभूमीहून, म्हणजे सभोवतालच्या नेहमीच्या किरणोत्सर्गाहून, किंचित अधिक दिसणाऱ्या आकड्यावर ‘दूषित’ असा शेरा मारतात. एकाच जागी वीस वेळा मोजून पसरलेले आकडे आलेखावर मांडायला लावले की हात थबकतो.

मृतकाळाचा, म्हणजे एक गणना नोंदवल्यावर मापक पुढची नोंदवू न शकणाऱ्या क्षणाचा, प्रयोग दोन स्रोतांच्या पद्धतीने जरूर करून घ्यावा. गायगर-म्युलर मापक तीव्र क्षेत्रात गणना गमावतो, आणि काही मापके अतितीव्र क्षेत्रात चक्क शून्याकडे झुकतात. खोलीत शिरताना वाढत गेलेला आणि अचानक खाली आलेला काटा पाहून पुढे चालत राहणारा माणूस जीव धोक्यात घालतो. अशा वेळी मागे फिरायचे, हे तोंडी परीक्षेत प्रत्येकाला विचारावे. पृष्ठभागावरील दूषितता आणि मात्रादर यांसाठी वेगळी मापके लागतात, हेही टेबलावर तीन मापके ठेवून निवडायला सांगितल्याशिवाय पक्के होत नाही.

अपघात : शेवटचे प्रकरण म्हणून नकोत

अपघातांचा अभ्यास शेवटच्या सत्रातील ऐच्छिक विषयात ढकलण्याची पद्धत आहे. ती मोडावी, आणि प्रत्येक सत्रात एक अपघात दोन्ही विभागांनी मिळून शिकवावा. १९९९ चा जपानमधील तोकाइमुरा येथील अपघात यासाठी फार उपयोगी आहे. जास्त समृद्ध युरेनियमचे द्रावण कामगारांनी पोलादी बादल्यांनी टाकीत ओतले, साखळी अभिक्रिया सुरू झाली, आणि टाकीभोवतीच्या आवरणातील पाणी न्यूट्रॉन परत फेकत राहिल्याने ती सुमारे वीस तास धुमसत राहिली. दोन कामगार दगावले. क्रांतिक वस्तुमान (साखळी अभिक्रिया टिकण्यासाठी लागणारे किमान वस्तुमान), भूमिती, परावर्तक, तीव्र किरणोत्सर्ग-आजार आणि धाब्यावर बसवलेली कार्यपद्धती हे सारे एका टाकीत आहे.

गोइयानियाची घटना त्याच्या उलट दिशेची. १९८७ मध्ये ब्राझीलमधील या शहरात, सोडून दिलेल्या किरणोपचार केंद्रातील सीझियम-१३७ चा स्रोत भंगारात गेला. चमकणाऱ्या निळ्या भुकटीचे लोकांना कौतुक वाटले आणि ती घरोघरी गेली. एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली, २४९ जण दूषित आढळले, चौघांचा मृत्यू झाला. इथे अणुभट्टी नव्हती, वीज केंद्र नव्हते. ‘माझा संबंध फक्त अणुभट्टीशी’ असे मानणाऱ्या अभियंत्याने आणि ‘माझा संबंध फक्त रुग्णाशी’ असे मानणाऱ्या आरोग्यतज्ज्ञाने हे प्रकरण शेजारी बसून वाचावे.

फुकुशिमा शिकवताना स्थलांतराची बाजू वगळू नये. रुग्णालयांतून आणि वृद्धाश्रमांतून घाईने हलवलेल्या अनेक वृद्धांचे प्राण त्या प्रवासात आणि नंतरच्या हालांत गेले. टाळलेली मात्रा आणि ओढवून घेतलेली हानी यांचा तोल कसा मोजायचा, हा ‘निर्णय’ या चौथ्या स्तंभाचा गाभा आहे.

मंजुरी आणि संक्रमण

कागदोपत्री भाग प्रत्येक विद्यापीठाच्या नियमांप्रमाणे होईल. दोन बाबी मात्र आधीच हलवाव्यात. नवे स्रोत लागणार असतील तर त्यांचे परवाने, साठवण आणि आयुष्य संपल्यावर परत पाठवण्याची व्यवस्था अभ्यासक्रम मंजूर होण्यापूर्वी सुरू करावी, नाहीतर पहिली तुकडी प्रात्यक्षिकांविना जाते. आणि जुन्या अभ्यासक्रमात अडकलेल्या विद्यार्थ्यांसाठी विषयांची समकक्षता लेखी जाहीर करावी. त्यांच्या परीक्षा किती वर्षे चालू राहतील, हेही त्यातच सांगावे.

वगळलेल्या प्रत्येक प्रकरणाची नोंद कारणासह जपून ठेवावी. तीन वर्षांनी, पहिली तुकडी कामाला लागली की त्या तुकडीच्या माजी विद्यार्थ्यांना सुरुवातीचा तोच प्रश्न पुन्हा विचारावा आणि त्यांची उत्तरे या नोंदीशेजारी ठेवून वाचावीत. काढलेल्यांपैकी एखादे प्रकरण परत आणावे लागले तर ते का काढले होते हे तेव्हा समोर असेल.