शुश्रूषा करणाऱ्याची पंधरा मिनिटांची वही

घरात कुणी दीर्घ आजारी असलं की दिवसाचे तुकडे औषधांच्या वेळा पाडतात. अशा माणसाला ‘छंदासाठी रोज तासभर काढा’ असं सांगणं म्हणजे त्याच्या गळ्यात आणखी एक काम बांधणं. म्हणून खालची रीत पंधरा मिनिटांचीच आहे. तिचा पहिला नियम असा, की या वहीतलं कुणालाही दाखवायचं नाही. दाखवायचं ठरलं की चांगलं काढायची धडपड सुरू होते आणि हात आखडतो.

वही ए५ आकाराची, कोरी, निदान १५० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाच्या, जाडसर) कागदाची घ्या. पातळ कागदावर रंग मागे उतरतो. सोबत ४बी पेन्सिल, बारा ऑइल पेस्टल (तेलकट रंगखडू) आणि एक पेन. ४बीचं शिसं मऊ असतं, त्यामुळे दाबावं लागत नाही. रुग्णाला उचलून, कुशीवर वळवून मनगट भरून आलेलं असतं, तेव्हा हा फरक जाणवतो. जलरंग मात्र आणू नका. पाणी, ब्रश धुणं, पसारा आवरणं यांतच अर्धा वेळ जातो आणि वही आठवड्याभरात मागे पडते. रुग्णाला दमा असेल तर भुकटी उडणारे कोरडे पेस्टल नकोत. ऑक्सिजन लावलेला असेल तर टर्पेंटाइन, थिनर, स्पिरिटचे मार्कर तिथे आणूच नका, ते पटकन पेट घेतात. ऑइल पेस्टलचं कामही दुसऱ्या खोलीत करा आणि तेलकट हात साबणाने धुतल्याशिवाय ऑक्सिजनच्या नळीला किंवा मास्कला लावू नका.

‘वेळ मिळेल तेव्हा’ म्हटलं की ती वेळ येतच नाही. दुपारचं औषध दिलं, रुग्णाचा डोळा लागला, की लगेच वही, अशी एखाद्या ठरलेल्या कामाला जोड द्या. पंधरा मिनिटांचा गजर लावा आणि तो वाजला की चित्र अर्धवट असलं तरी थांबा.

पहिली पाच मिनिटं तुमचा रिकामा हात समोर ठेवून त्याची कड काढा. नजर हातावर, कागदाकडे बघायचं नाही, पेन्सिल उचलायची नाही. डोळा कडेवरून जितका सावकाश सरकेल तितकीच सावकाश रेघ. आकृती वेडीवाकडीच येणार आणि तशीच यायला हवी. कागदाकडे चोरून पाहिलं की ‘हे काही जमलं नाही’ सुरू होतं, आणि मग लक्ष हातावर राहत नाही. पुढची सात मिनिटं माणसाच्या शरीराची साधी बाह्याकृती काढून तुमच्या अंगात आज जिथे ताठलंय, जड झालंय तिथे रंग भरा, फक्त दोन रंगांत. बाराच्या बारा पुढ्यात घेतले तर निवडण्यातच वेळ जातो. उरलेली तीन मिनिटं त्या रंगांबद्दल तीन वाक्यं.

मनात एखादी गोष्ट अडकून बसली असेल तर चित्र बाजूला ठेवून चार दिवस ओळीने रोज १५ मिनिटं फक्त लिहा. मानसशास्त्रातले संशोधक जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६च्या अभ्यासात विद्यार्थ्यांना असंच लिहायला लावलं होतं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या, पण लिहून उठल्यावर त्यांना लगेच बरं वाटलं नव्हतं, उलट मन खाली गेलं होतं. म्हणून झोपायच्या तोंडावर लिहू नका आणि नंतर दहा मिनिटं मोकळी ठेवा. रुग्णाबद्दल राग, कंटाळा, ‘सुटलो तर बरं’ असंही कागदावर येईल. शुश्रूषेत ते अनेकांच्या मनात येतं. पान फाडून टाकलं तरी चालेल. एखादा विषय सोसवेनासा झाला तर तिथेच सोडा. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर वहीवर भिस्त न ठेवता लगेच डॉक्टरांना गाठा.

‘मला चित्रकला येत नाही’ ही अडचण खरी नाही. २०१६मध्ये कला-उपचाराच्या संशोधक गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटं रंग, माती, कोलाज यांत रमू दिलं. सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, उतरलं, आणि कलेचा अनुभव असण्या-नसण्याने त्यात फरक पडला नाही. तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून हा पुरावा बेताचाच धरावा.

रुग्णासोबत बसायचं असेल तर काढण्यापेक्षा बघणं सोपं. माणसं किंवा प्राणी असलेलं एक मोठं चित्र समोर धरा आणि विचारा, “यात काय चाललंय?” मग, “आणखी काय दिसतंय?” ‘हे कोण? हे कधीचं?’ असं विचारू नका. स्मृतिभ्रंश असलेल्याला ती परीक्षा वाटते आणि तो गप्प होतो. उत्तर चुकीचं वाटलं तरी सुधारू नका, त्याच्याच शब्दांत चित्राखाली लिहून ठेवा. दहा मिनिटं पुरेत. नजर भिरभिरू लागली की चित्र बाजूला ठेवा, आणि पेस्टलचे तुकडे मोजून डब्यात भरा, कारण असे रुग्ण ते तोंडात घालू शकतात.