उंच कमानीच्या पायांना बूट घेताना

ओला पाय शहाबादी फरशीवर ठेवला की माझी टाच आणि चवडा तेवढा उमटतो, मधे जेमतेम एक रेघ. वर्गात ५-६ तास उभी असते, सगळा भार त्या दोनच जागांवर. तुमचाही ठसा असाच असेल तर सपाट चपला सोडाच.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. हातात धरून वाकवा: चवड्यापाशी वाकायला हवा, मधोमध दुमडला तर परत ठेवा. आतली गादी निघणारी बघा, म्हणजे कमानीला टेकणारी दुसरी घालता येते. आणि नाडीचेच घ्या. पायाचा वरचा उंचवटा दुखतो ना, तिथली भोकं आडवी न ओवता नाडी कडेकडेने वर न्या. मला सगळ्यात जास्त आराम त्यानेच पडला. ‘वापरून सैल होतील’ यावर विसंबू नका.