न्यू जर्सीतलं पहिलं घर, पहिलं अंगण: पेट्रोलची यंत्रं घेताना आणि सांभाळताना

अपार्टमेंट सोडून स्वतःच्या घरात आलं की पहिल्या एप्रिलपर्यंत सगळं छान असतं. मग पाऊस पडतो, ऊन लागतं आणि गवत भराभर वाढायला लागतं. एडिसन, प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर, कुठेही विचारा: आपल्या मंडळींचा दर वसंतातला प्रश्न एकच असतो. मागच्या वर्षी उत्तम चाललेला मोवर (गवत कापायचं यंत्र) या वर्षी सुरूच होत नाही. दहातल्या नऊ वेळा मोवर बिघडलेला नसतो, त्यात पडून राहिलेलं पेट्रोल बिघडलेलं असतं. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पेट्रोलचा भाग मात्र नक्की वाचा.

आधी खरेदी. लॉट पाव एकराचा म्हणजे आपल्या हिशेबाने दहा गुंठे. त्यातून घर, ड्राइव्हवे, डेक वजा केला की गवत सहा-सात गुंठ्यांवर असतं. एवढ्याला 21 किंवा 22 इंची, ज्याच्या मागे आपण चालायचं असा सेल्फ-प्रोपेल्ड (चाकं इंजिनानेच फिरणारा) मोवर भरपूर झाला. बसून चालवायचा मोवर अर्ध्या एकराच्या पुढे. घराच्या क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदी पूर्ण झाल्याच्या, उत्साहात तो आणणारे बरेच असतात आणि मग गाडी हिवाळाभर बर्फात उभी राहते, कारण गॅरेज त्याने व्यापलेलं असतं. याच्या उलट सगळ्यात स्वस्त, नुसता ढकलायचा मोवर घेऊन उतारावर दमणारेही आहेत. अंगणाला उतार असेल तर मागच्या चाकांना ड्राइव्ह असलेला घ्या. पुढच्या चाकांचा वळवायला सोपा, पण मागची पिशवी गवताने भरली की पुढची चाकं उचलल्यासारखी होतात आणि चढावर घसरतात.

गवत पाच गुंठ्यांच्या आत असेल तर बॅटरीचा मोवर घ्या, पेट्रोलच्या भानगडीत पडूच नका. कॅलिफोर्नियाने 2024 पासून अशा छोट्या पेट्रोल इंजिनांच्या नव्या यंत्रांवर जवळपास पडदाच टाकला. न्यू जर्सीत ती अजून सर्रास मिळतात, पण मेपलवुडसारख्या गावांनी पेट्रोलच्या लीफ ब्लोअरवर (पानं उडवायच्या यंत्रावर) निर्बंध घातले आहेत. ब्लोअर घेण्याआधी आपल्या टाउनशिपचा नियम बघाच. मे महिन्यातलं ओलं, दाट गवत आणि मोठं अंगण यांसाठी मात्र पेट्रोलचं इंजिन अजूनही हुकमी आहे.

जुना मोवर घ्यायला हरकत नाही. या देशात नुसता कार्बोरेटर (इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग) तुंबलेली यंत्रं लोक रस्त्याच्या कडेला टाकून देतात, हे मला कधीच पटलेलं नाही. होंडाने 2023 मध्ये अमेरिकेत पेट्रोलचे मोवर बनवणं थांबवलं, पण त्यांचे जुने मोवर आजही घेण्यासारखे आहेत. विकणाऱ्याकडे गेलात की आधी सायलेन्सरजवळ हात न्या. गरम लागला तर तुम्ही येण्याआधीच त्याने इंजिन सुरू करून ठेवलंय. मग थंड इंजिनावर ते कसं सुरू होतं हे तुम्हाला कळणारच नाही, तासाभराने परत या. सुरू केल्यावर हँडल जोरात थरथरत असेल तर पात्याचा दांडा वाकलेला असू शकतो. असा मोवर फुकट दिला तरी घेऊ नका.

नवा घेतलात तर खोक्यातली छोटी बाटली फेकू नका. बरेचसे नवे मोवर इंजिनात ऑइल न भरता येतात आणि ते ऑइल त्या बाटलीत असतं. ते न भरता सुरू केलेलं इंजिन काही मिनिटांत कायमचं जाम होतं. साधारण 15 ते 20 औंस ऑइल लागतं, पण बाटलीवर विसंबू नका. थोडं थोडं ओतत डिपस्टिकवर (ऑइलची पातळी दाखवणाऱ्या काडीवर) बघा. जास्त झालं तर पांढरा धूर येतो. पहिलं ऑइल पाच तासांनी बदला, नंतर दर सीझनला एकदा. ऑइलचा प्रकार एसएई 30 किंवा 10डब्ल्यू-30, जो मॅन्युअलमध्ये असेल तो. मॅन्युअल हरवलं असेल तर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या. ही सोय इथे फार चांगली आहे आणि आपले लोक ती वापरत नाहीत. व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारत बसतात.

आता पेट्रोल. इथल्या पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि पेट्रोलचा हलका, लवकर पेटणारा भाग हळूहळू उडून जातो. मागे उरतो तो चिकट राप. गाडीचं पेट्रोल आठवड्या-दोन आठवड्यांत संपतं, टाकीही बंदिस्त असते, म्हणून गाडीत हे जाणवत नाही. मोवरच्या टाकीच्या झाकणाला हवेसाठी भोक असतं आणि कार्बोरेटरच्या वाटीत जेमतेम दोन-तीन चमचे पेट्रोल असतं. तेवढं उडायला किती वेळ लागणार? ज्या भोकातून इंजिनाला पेट्रोल जातं ते सुईच्या टोकाएवढं असतं. त्यात रापाचा कण अडकला की इंजिन सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन आपोआप वर-खाली आवाज काढत राहतं.

म्हणून पहिली गोष्ट, पाच गॅलनचा कॅन घेऊ नका. एवढ्या अंगणाला अख्ख्या सीझनला काही मोजके गॅलन लागतात. पाच गॅलन मे महिन्यात भरलेत तर ऑगस्टमध्येही तेच शिळं पेट्रोल ओतत राहाल. एक किंवा दोन गॅलनचा लाल कॅन घ्या. लालच, कारण पिवळा डिझेलचा आणि निळा रॉकेलचा. मार्करने त्यावर भरल्याची तारीख लिहा. महिन्याहून जुनं झालं तर गाडीच्या जवळजवळ भरलेल्या टाकीत ओतून टाका, तिला तेवढं चालतं. न्यू जर्सीत पंपावर स्वतः पेट्रोल भरायला 1949 पासून बंदी आहे, तेव्हा कॅनही तिथला माणूसच भरणार. त्याला ‘रेग्युलर 87’ असं स्पष्ट सांगा आणि कॅन डिकीतून काढून जमिनीवर ठेवा. डिकीतल्या कार्पेटवर कॅन ठेवून भरताना स्थिर विजेची ठिणगी पडून आग लागू शकते. वर थोडी जागा रिकामी सोडा. प्रीमियमने काहीही फायदा होत नाही. दुसऱ्या राज्यात गेलात आणि ‘अनलेडेड 88’ स्वस्त दिसलं, तरी ते या यंत्रांत घालू नका. त्यात 15 टक्के इथेनॉल असतं.

स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर शिळं होऊ न देणारं द्रव्य) घालायचा तो ताज्या पेट्रोलमध्ये, कॅन भरल्या भरल्या. लाल स्टा-बिल (त्याचा एक ब्रँड) असेल तर अडीच गॅलनला एक औंस. नोव्हेंबरमध्ये शिळ्या पेट्रोलवर ओतून ते ताजं होत नाही. ही गैरसमजूत आपल्याकडे फार घट्ट आहे.

शेवटचं गवत कापून झालं, साधारण थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या) आसपास, की मोवर बंद करून कोपऱ्यात ढकलू नका. टाकीत स्टॅबिलायझर घातलेलं ताजं पेट्रोल असू दे आणि इंजिन दहा मिनिटं चालवा, म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोचेल. मग पेट्रोलचा कॉक (टाकीतून येणारं पेट्रोल बंद करायची खुंटी) बंद करा आणि इंजिन आपोआप विझेपर्यंत चालू द्या. चेतक किंवा लुना वापरलेल्यांना कॉक काय ते सांगायला नको. कॉक नसेल तर हातपंपाने टाकीतलं पेट्रोल उपसा, उरलेलं संपेपर्यंत इंजिन चालवा, विझल्यावर पुन्हा एकदा सुरू करून बघा. वाटी कोरडी झाली की झालं. या वीस मिनिटांनी एप्रिलमधली निम्म्याहून अधिक दुखणी टळतात.

ट्रिमर (कडेचं गवत कापायचं यंत्र) आणि ब्लोअर टू-स्ट्रोक असतील तर त्यांना नुसतं पेट्रोल घालायचं नाही, ऑइल मिसळायचं. बजाजच्या जुन्या स्कूटरच्या काळात पंपावर ऑइल मिसळून घेतलेल्यांना हे माहीत आहे. तिशीतल्या मंडळींनी मात्र टू-स्ट्रोक गाडी पाहिलेलीच नसते आणि महागडी चूक होते ती इथेच. मोवरच्याच कॅनमधून ट्रिमर भरला की दहा-पंधरा मिनिटांत पिस्टन सिलिंडरला घासून चिकटतो. ती दुरुस्ती नव्या ट्रिमरच्या किमतीच्या जवळ जाते. प्रमाण बहुतेक ठिकाणी 50:1, म्हणजे एका गॅलनला 2.6 औंस ऑइल. काही जुन्या यंत्रांना 40:1, म्हणजे 3.2 औंस. हे टाकीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये असतं. आधी अर्धं पेट्रोल, मग ऑइल, मग उरलेलं पेट्रोल, आणि झाकण लावून नीट हलवा. कॅन वेगळाच ठेवा आणि त्यावर मोठ्या अक्षरात ‘50:1’ लिहा. उलटी चूक, म्हणजे मिसळलेलं पेट्रोल मोवरमध्ये, तेवढी वाईट नाही. धूर येतो, प्लग काळा होतो. टाकी रिकामी करून ताजं भरा. लहान अंगण असेल तर मिसळण्याच्या भानगडीपेक्षा हार्डवेअरच्या दुकानात तयार मिश्रणाचा, इथेनॉल नसलेला डबा मिळतो तो घ्या. गॅलनच्या हिशेबात महाग, पण ट्रिमरला वर्षभरात लागतं किती?

तरीही एप्रिलमध्ये मोवर सुरू होत नसेल तर क्रमाने जा. टाकीतलं पेट्रोल काढून ताजं भरा. स्पार्क प्लग काढून बघा. काळा, ओला असेल तर बदला. किंमत पाच डॉलरच्या आसपास. बऱ्याच इंजिनांत प्लगच्या टोकाची, ठिणगी पडायची फट 0.030 इंच असते. नवा प्लग आधी हाताने पूर्ण बसवा, मग पान्याने अर्धा वळसा. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये जोर लावला तर आटे जातात. मग एअर फिल्टर काढून आत कार्बोरेटर क्लीनरचा एक छोटा फवारा मारा आणि दोरी ओढा. इंजिन दोन सेकंद पेटून विझलं, तर ठिणगी ठीक आहे, फक्त पेट्रोल पोचत नाही. दोष कार्बोरेटरचाच.

तो घरी साफ होतो. प्लगची वायर काढा. पेट्रोलची नळी चिमट्याने दाबा, खाली कापड ठेवा आणि कार्बोरेटरच्या तळाचा एकच बोल्ट सोडवा. बहुतेक वेळा 10 मिलिमीटर किंवा अर्धा इंची पाना लागतो. वाटी हातात येईल. तळाशी पांढरी भुकटी किंवा पिवळसर चिकट थर दिसेल. मधल्या उभ्या नळीत मुख्य जेट (तेच सुईच्या टोकाएवढं भोक) असतं, काही इंजिनांत ते त्या बोल्टच्याच आडव्या भोकात असतं. उजेडाकडे धरून बघा, आरपार दिसायला हवं. विजेच्या वायरमधली एक बारीक तांब्याची तार घालून मोकळं करा. ड्रिल किंवा जाड सुई घातली तर भोक मोठं होतं आणि इंजिन कायमचं जास्त पेट्रोल पीत राहतं. फवारा मारताना चष्मा लावा, क्लीनर नळीतून उलटा डोळ्यात येतो. वाटीची रबरी रिंग जपून ठेवा, ती क्लीनरमध्ये फुगली तर परत बसत नाही. एवढं करूनही जमलं नाही तर मॉडेल नंबरवरून नवा कार्बोरेटर मागवा. बऱ्याच मोवरचा वीस-तीस डॉलरमध्ये मिळतो. दुकानात नुसत्या साफसफाईचे याच्या कितीतरी पट होतात.

मोवर झाडाच्या बुंध्याला किंवा दगडाला आपटून बंद पडला आणि मग दोरी हिसके देत असेल, तर फ्लायव्हील (इंजिनाचं जड चाक) दांड्यावर जागच्या जागी धरणारी छोटी किल्ली कापली गेली असण्याचा संभव मोठा. ती मऊ धातूची असते. ती गेली की ठिणगी चुकीच्या क्षणी पडते. अशा वेळी कार्बोरेटर कितीही साफ केलात तरी उपयोग नाही.

पात्याला वर्षातून दोनदा धार लावा. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं. दोन दिवसांनी गवताची टोकं पांढुरकी दिसली की समजा. प्लगची वायर काढल्याशिवाय पात्याला हात नाही. मोवर आडवा करताना कार्बोरेटर आणि एअर फिल्टरची बाजू वर ठेवा, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये उतरतं. धार लावल्यावर पातं मधल्या भोकातून खिळ्यावर टांगा, एक बाजू खाली गेली तर त्या बाजूने अजून घासा. बसवताना टोकांचे वळलेले पंख वर, मोवरच्या पोटाकडे. गवत तीन-साडेतीन इंच ठेवा. आपल्याकडच्या क्रिकेट मैदानासारखं कापलंत तर इथलं फेस्क्यू आणि ब्लूग्रास जातीचं गवत जुलैत करपतं.

कागदी एअर फिल्टर बदला, स्पंजचा साबणाने धुऊन वाळवून दोन थेंब ऑइल लावा. चप्पल घालून मोवर चालवू नका. गरम इंजिनात पेट्रोल ओतू नका. वॉटर हीटर किंवा फर्नेस असलेल्या बेसमेंटमध्ये पेट्रोलचा कॅन कधीही नेऊ नका, वाफ जमिनीलगत सरकत जाऊन ज्योतीपर्यंत पोचते. सांडलेलं किंवा फारच जुनं पेट्रोल गटारात नाही, काउंटीच्या घातक कचरा संकलनाच्या दिवशी द्या.

शेवटी स्नो ब्लोअर, कारण तो घेणारे बरेच आणि सांभाळणारे कमी. चार घरांत मिळून एक घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती चांगली आहे, फक्त ऑइल आणि पेट्रोल कोण बघणार हे कागदावर ठरवा. मोवर पाच महिने पडून राहतो, स्नो ब्लोअर आठ महिने. त्यामुळे मार्चअखेर वाटी कोरडी करण्याचं काम इथे दुप्पट महत्त्वाचं, आणि नेमका वादळाच्या सकाळी दुरुस्तीवाला मिळत नाही. त्याला थंडीचं 5डब्ल्यू-30 ऑइल घाला आणि थँक्सगिव्हिंगच्या सुमारास एकदा सुरू करून बघा, गॅरेजच्या बाहेर. बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइडने माणूस जातो. बर्फ ओढणाऱ्या फिरत्या पात्यांना शिअर पिना असतात. बर्फात वर्तमानपत्राचं भेंडोळं किंवा दगड आला की त्या मुद्दाम तुटतात, म्हणजे गिअरबॉक्स वाचतो. त्या जागी साधा स्टीलचा बोल्ट घातलात तर पुढच्या दगडाला गिअरबॉक्सच जाईल. कंपनीच्या चार पिना हँडलला बांधून ठेवा. बर्फ बाहेर फेकणारं धुराडं बर्फाने तुंबलं तर इंजिन बंद करा, किल्ली काढा, फिरणारं सगळं थांबू द्या आणि यंत्रावरच अडकवलेल्या प्लास्टिकच्या काठीने बर्फ काढा. हात घालू नका, इंजिन बंद असलं तरीही. पट्ट्यात ताण राहिलेला असतो आणि बर्फ सुटताच पातं अर्धा फेरा फिरतं. तेवढ्यात बोटं जातात.